मलाच गणिताची भीती वाटते, ती वर्गातल्या पोरींपर्यंत जात असेल का?

माळावरची_बाई

नमस्कार मंडळी, बरेच दिवस इथे नुसतं वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

सांगली जिल्ह्याच्या दुष्काळी पट्ट्यात वस्तीवरच्या जिल्हा परिषद शाळेत आहे. द्विशिक्षकी शाळा, पहिली-दुसरी सरांकडे, तिसरी-चौथी माझ्याकडे. दोन्ही वर्ग मिळून २३ मुलं, त्यातल्या १२ मुली. नोकरीला नववं वर्ष.

झालं असं की चौथीतली एक मुलगी, वाचनात एकदम पुढे, गोष्ट वाचायला लागली की तिसरीची पोरं पण गप्प होऊन ऐकतात. तिला परवा भागाकार करायला फळ्याकडे बोलावलं तर जागेवरूनच म्हणाली, "बाई, मी पण तुमच्यासारखीच आहे, गणितात कच्ची." आणि हे तिनं रडत नाही सांगितलं हो, खुशीत सांगितलं, बाईंसारखं आपलं काहीतरी आहे याचा तिला आनंद होता.

मी तिथल्या तिथे गार झाले. कारण वाक्य माझं होतं. दोन महिन्यांपूर्वी विस्तार अधिकारी भेटीला आले होते, तेव्हा मीच सगळ्या वर्गासमोर म्हणाले होते की साहेब माझं मराठी बरं आहे, गणितात मी पहिल्यापासून कच्ची. नम्रपणा म्हणून बोलून गेले, पण पोरांनी ऐकलं, आणि पोरींनी जास्त ऐकलं असं आता वाटतं.

त्यानंतर एक आठवडा मी फक्त स्वतःवर लक्ष ठेवलं आणि रोज रात्री वहीत लिहिलं. जे दिसलं ते लिहिताना लाज वाटतेय पण लिहिते. गणिताचा तास मी कधी खिचडीनंतर नेऊन ठेवला ते माझं मलाच आठवत नाही, आणि खिचडीनंतर अर्धी पोरं पेंगतात. कविता असली की तास कधी संपला कळत नाही, गणितात मी तीन वेळा घड्याळ बघते. फळ्यावर गणित सोडवायला सहा दिवसांत दहा वेळा मुलगे आले आणि दोन वेळा मुली, आणि कविता म्हणायला नेमकं उलट. आणि मी पायऱ्या सांगते, कारण सांगत नाही. ६१२ भागिले ६ होतं, निम्म्या पोरांनी उत्तर १२ काढलं, मी म्हटलं मध्ये शून्य राहिलं बघा, तर एकानं विचारलं बाई शून्य का मांडायचं. मी म्हणाले नियमच आहे तसा. खरं सांगायचं तर मला कारण माहीत नव्हतं.

माझं स्वतःचं म्हणाल तर सातवीत असताना लसावि आला नाही म्हणून तास संपेपर्यंत फळ्याजवळ उभं केलं होतं आणि गुरुजी म्हणाले होते की पोरींना काय करायचंय लसावि मसावि. तेव्हापासून गणिताचं पुस्तक उघडलं की पोटात कसंतरी होतं. डीएडला पण पाठ करूनच सुटले.

तर प्रश्न असा, शिक्षकाची आवड आणि भीती खरंच अशी खाली झिरपते का, का मी उगाच मनाला लावून घेतेय? आणि झिरपत असेल तर या वयात स्वतःला बदलायचं कसं? सकारात्मक राहा, आत्मविश्वास ठेवा असं कृपया सांगू नका, ते प्रत्येक प्रशिक्षणात ऐकलंय.

निवृत्त_मास्तर

ताई, झिरपते. ३४ वर्षं शिकवून सांगतो. माझं तुमच्या उलट होतं, गणितात हात चालायचा आणि निबंध म्हटलं की अंगावर काटा. माझ्या हाताखालून गेलेली पोरं हिशोबाला पक्की निघाली, पण चार ओळींचा अर्ज लिहायचा तर दुसऱ्याकडे जायची. हे मला कळलं तेव्हा निवृत्तीला सहा वर्षं राहिली होती. तुम्हाला नवव्या वर्षी कळलंय, आणि एका पोरीच्या एका वाक्यावरून कळलंय, याची किंमत कमी समजू नका.

आता शून्याचं. खेळातल्या नोटा करा, नसतील तर वहीच्या कागदाच्या करा. शंभराच्या सहा, दहाची एक आणि रुपयाची दोन नाणी. सहा पोरं उभी करा आणि वाटायला सांगा. शंभराची प्रत्येकाला एक मिळाली. आता दहाची नोट एकच आहे, माणसं सहा. प्रत्येकाला दहाच्या किती नोटा मिळाल्या? एकही नाही. ते 'एकही नाही' म्हणजेच तुमचं शून्य, दशकाच्या घरात बसलेलं. मग ती दहाची मोडून सुट्टे घ्या, दहा आणि दोन बारा, प्रत्येकाला दोन. झाले १०२. ज्यांचं १२ आलं त्यांना रागावू नका, फक्त विचारा की सहाशे रुपये सहाजणांत वाटले तर प्रत्येकाला बारा मिळतील का. पोरं स्वतः जीभ चावतात.

दुसरं, रोज रात्री एक गणित स्वतः सोडवा, चौथीच्याच पुस्तकातलं. उत्तरासाठी नको. हात कुठे अडखळतो तिथे पेन्सिलीनं टिंब करा. महिन्याभरात टिंबं एकाच दोन जागी जमलेली दिसतील. अख्खं गणित कुणालाच अवघड नसतं, दोन-तीन जागा पूर्वी कधीतरी बुजलेल्या असतात, त्या उकरायच्या.

आणि पोरांसमोर खोटं पक्कं दाखवायची गरज नाही. 'मला हे येत नव्हतं, काल बसून शिकले, आता दाखवते' असं एकदा म्हणून बघा. 'मी कच्ची' आणि 'मी काल शिकले' यात पोरांच्या कानाला फार फरक पडतो.

आपल्याकडे बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघांनी पालघरकडच्या कोसबाडला हेच केलं ना. पोरं गुरं राखायला जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर पोरांना नावं न ठेवता शाळाच कुरणात नेली. आधी आपल्या बाजूनं काय अडतंय ते बघितलं.

आकडेमोड

मी अध्यापक विद्यालयात गणित शिकवते. ताई, तुमच्या पहिल्या प्रश्नावर थेट अभ्यास झालेला आहे म्हणून लिहितेय.

२०१० साली शान बायलॉक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पहिली-दुसरीच्या १७ शिक्षिका आणि त्यांच्या वर्गातली मुलं बघितली. शिक्षिकेला गणिताची धास्ती किती आहे ते मोजलं, मुलांचं गणित वर्षाच्या सुरुवातीला आणि शेवटी तपासलं. सुरुवातीला बाईंच्या धास्तीचा आणि मुलांच्या गणिताचा काही संबंध नव्हता. वर्ष संपताना मात्र ज्या बाईंना धास्ती जास्त, त्यांच्या वर्गातल्या मुलींपैकी जास्त जणींना वाटायला लागलेलं की गणित मुलग्यांचं आणि वाचन मुलींचं, आणि ज्यांना असं वाटत होतं त्यांचंच गणित मागे पडलेलं. मुलग्यांवर असा परिणाम दिसला नाही. तर तुम्ही उगाच मनाला लावून घेत नाही आहात. पण १७ शिक्षिका म्हणजे फार थोड्या, त्यामुळे हे ब्रह्मवाक्य समजू नका आणि स्वतःला आरोपीही समजू नका. मला त्यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट ही वाटते की धास्ती थेट मुलीच्या डोक्यात नाही गेली, ती 'हे आपलं काम नाही' या समजुतीच्या वाटेनं गेली. तुमची ती मुलगी हेच बोलली ना! म्हणजे भीती जायला तुम्हाला पाच वर्षं लागली तरी चालेल, ती समजूत आत्ता उद्यापासून मोडता येते.

त्यांनी मुलांची समजूत कशी ओळखली ते पण सांगते, तुम्हाला वर्गात करता येईल. गणितात हुशार असलेल्या एकाची आणि वाचनात हुशार असलेल्या एकाची गोष्ट सांगितली आणि दोघांची चित्रं काढायला लावली. मुलगा काढतात का मुलगी ते बघायचं. फक्त आपल्याकडे करताना 'विद्यार्थी' म्हणू नका, 'एक हुशार मूल' म्हणा, 'ते मूल' असंच म्हणत सांगा, 'त्याला' टाळा कारण ते मुलग्यालाही तसंच लागतं. मराठीत मूल नपुंसकलिंगी आहे ही केवढी सोय आहे, पोरांना कसलाही इशारा मिळत नाही.

आणि अजून एक, हे माझ्या विद्यार्थ्यांना मी करायलाच लावते. फोनवर स्वतःचा गणिताचा तास रेकॉर्ड करा, नुसता आवाज, आणि प्रश्न विचारल्यावर तुम्ही किती वेळ थांबता ते मोजा. मेरी बड रो नावाच्या बाईंनी १९७० च्या आसपास असंख्य तासांची रेकॉर्डिंग ऐकली तेव्हा शिक्षक सरासरी एक सेकंदच थांबतात असं निघालं. तीन सेकंद थांबायला लागल्यावर मुलांची उत्तरं लांबली, जी कधी बोलत नव्हती ती बोलायला लागली, मुलं स्वतःहून प्रश्न विचारायला लागली. आणि शिक्षकांचा ज्या मुलांवर विश्वास कमी त्यांना ते वेळही कमी देतात असं त्यात दिसलं. ज्या विषयाची आपल्याला धास्ती असते तिथे शांतता सहन होत नाही, आपणच उत्तर देऊन मोकळे होतो. माझं स्वतःचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मी दोन दिवस कुणाला सांगितलं नव्हतं.

चौथा_तास

ताई तुमच्याबद्दल पूर्ण आदर आहे पण थोडं वेगळं मत मांडतो. प्रत्येक वेळी शिक्षकानंच आत्मपरीक्षण का करायचं? मी मराठवाड्यात आहे, सहावं वर्ष, तीन वर्षं शिक्षण सेवक म्हणून काढली. नोकरीला लागलो तेव्हा रात्री जागून तक्ते करायचो, गोष्टी लिहायचो, रविवारी पोरांना घेऊन डोंगरावर जायचो. आता सकाळी शाळेत पाऊल टाकलं की आधी फोन, ही माहिती भरा ती लिंक भरा, अमुक उपक्रमाचे फोटो दुपारी बारापर्यंत टाका, मतदार यादीचं काम वेगळंच. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २७ मध्ये लिहिलंय की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक सोडून शिक्षकाला दुसरं अशैक्षणिक काम द्यायचं नाही, पण माहिती भरण्याला कुणी काम समजतच नाही. प्रेरणा प्रेरणा म्हणतात ती आभाळातून पडत नाही आणि ती संपते तेव्हा एकदम संपत नाही, रोज थोडी थोडी जाते.

आणि हे लिहितालिहिता माझंच एक सांगतो, कारण ताईंनी एवढं मोकळं लिहिलंय. पायाभूत साक्षरता आणि संख्याज्ञानाची तपासणी जवळ आली की मी बदलतो. एरवी मी पोरांना चुकू देतो. तपासणीच्या आधीच्या पंधरवड्यात माझा आवाज चढतो, पोरगं थांबलं की मीच त्याच्या हातातली पेन्सिल घेऊन लिहून दाखवतो, असं कर, असं नाही असं. गेल्या वर्षी एक पोरगं मला म्हणालं की सर तुम्हीच लिहा, तुमचं बरोबर येतं. ते अजून डोक्यातून जात नाही.

एक_आई

शिक्षिका नाही, पुण्यात राहते, मुलगी दुसरीत. हा धागा वाचून आठवलं की गृहपाठाला बसलं की मी रोज म्हणते, गणित बाबांकडून करून घे, मला नाही जमत. मी बँकेत काम करते हो, दिवसभर आकडेच असतात समोर. का म्हणते मी असं? आजपासून बंद.

आकडेमोड

@चौथा_तास, सर, तुमच्या पेन्सिलीच्या गोष्टीत आणि वरच्या तक्रारीत मला दोन मतं दिसत नाहीत, एकच दिसतंय. १९८२ मध्ये एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांच्या गटानं एक प्रयोग केला होता. कोडी सोडवायला शिकवायचं होतं, शिकवणाऱ्यांपैकी निम्म्यांना सांगितलं की विद्यार्थी ठराविक पातळीला पोचलाच पाहिजे ही तुमची जबाबदारी, बाकीच्यांवर असा दबाव टाकला नाही. दबाव असलेले जास्त बोलले, जास्त हुकूम सोडले, टीका जास्त केली आणि समोरच्याला स्वतःचं स्वतः सोडवू कमी दिलं. म्हणजे तुमच्या हातात पेन्सिल वरून आलेली आहे, पण पोराच्या हातातून ती जाते तुमच्या हातानं, आणि ते तुम्हाला दिसलं म्हणूनच ती तुम्ही परत देऊ शकता. वरचं बदलायला संघटना आहे, आपल्या केंद्रातल्या शाळांची शिक्षण परिषद आहे, तिथे भांडाच, मी पण भांडते. पण तपासणी काही टळणार नाही आणि त्या पंधरवड्यात समोर पोरगंच असणार आहे.

दुसरी बाजू पण सांगायला हवी. बाहेरचं बक्षीस नेहमी वाईटच असंही नाही. आंध्र प्रदेशात २००५ पासून कार्तिक मुरलीधरन आणि व्यंकटेश सुंदररामन यांनी ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांमध्ये बघितलं, मुलांच्या गुणांमध्ये जेवढी वाढ तेवढा शिक्षकांना बोनस. दोन वर्षांनी त्या शाळांतली मुलं गणितात आणि भाषेत पुढे होती, ज्या विषयांना बोनस नव्हता त्यातसुद्धा मागे पडली नाहीत. तर पैशानं प्रेरणा मरतेच असं सरसकट म्हणता येणार नाही. माझं मत, आणि हे माझंच मत आहे, की वाढीसाठी शाबासकी मिळणं आणि नापास पोरासाठी कारणे दाखवा नोटीस येणं यात शिक्षकाच्या मनाला जमीन-अस्मानाचा फरक पडतो.

ताई, तुम्हाला एक गणित देते, चौथीचं नाही, तुमच्यासाठी. पावणेदोन भाकरी आहेत, प्रत्येकाला अर्धी वाढायची, तर किती जणांची पानं होतील? आधी मनात उत्तर काढा मग भाकरी घेऊन बसा. हे पावणेदोन भागिले अर्धाचं गणित लिपिंग मा या संशोधक बाईंनी अमेरिकेतल्या आणि चीनमधल्या प्राथमिक शिक्षकांना घातलं होतं. २३ अमेरिकन शिक्षकांपैकी फक्त ९ जणांचं उत्तर बरोबर आलं, आणि यासाठी व्यवहारातलं बरोबर उदाहरण एकालाच सुचलं. चिनी ७२ च्या ७२ बरोबर. अडखळणाऱ्या तुम्ही एकट्या नाही एवढंच सांगायचंय.

माळावरची_बाई

उशिरा लिहितेय, पाच आठवडे झाले, मध्ये आमच्या सरांची रजा होती तर चारही वर्ग माझ्याकडे होते. सगळ्यांचे प्रतिसाद वहीत उतरवून घेतले होते. @चौथा_तास सर, तुमचं वाचून फार वाईट वाटलं आणि धीर पण आला, दोन्ही.

आधी चित्रं केली. 'ते मूल' म्हणून गोष्ट सांगितली. गणितवालं मूल १२ मुलींपैकी ९ जणींनी मुलगा काढलं. दोघींनी तर मिशी काढली होती. त्या ९ मध्ये माझी ती वाचणारी पोरगी पण. मुलग्यांनी सगळ्यांनी मुलगाच काढला. मी कुणाला काही बोलले नाही, चित्रं कपाटात ठेवलीत, मार्चमध्ये परत काढून घेणार.

गणिताचा तास पहिला केला, परिपाठ झाला की लगेच. फळ्याजवळ नावांची यादी लावली, क्रमानं यायचं, म्हणजे मी निवडायचा प्रश्नच नाही. हा उपाय माझ्यासाठी आहे, पोरांसाठी नाही, कारण मला कळलं की माझं मन आपोआप मुलग्यांकडे वळतं आणि ते लगेच बदलणार नाही, तर मग निवड माझ्या हातातच ठेवायची नाही.

रेकॉर्डिंग ऐकलं. मी थांबतच नाही. प्रश्न आणि उत्तर एका श्वासात मीच बोलते. आता ओढणीच्या टोकाला तीन गाठी मारल्यात, प्रश्न विचारला की एक एक गाठ चाचपते मग तोंड उघडते. पहिले आठ दिवस ती शांतता खायला उठायची. आता एक तिसरीतला मुलगा, जून महिन्यापासून ज्याचा आवाज मी ऐकला नव्हता, तो तिसऱ्या गाठीला बोलतो.

आणि नोटा. मास्तर, तुम्ही सांगितलं तसं केलं. कागदाच्या नोटा पोरांनीच रंगवल्या. वर्गात आधी मी सांगितलं की शून्य का येतं हे मला त्या दिवशी माहीत नव्हतं, एका गुरुजींकडून शिकले. पोरं एकदम टवकारून बघायला लागली, बाईंना पण गुरुजी असतात याचंच त्यांना नवल. मग वाटायला तीच मुलगी उभी राहिली. शंभराच्या वाटल्या, दहाची नोट हातात घेऊन सहाजणांकडे बघत राहिली, मी गाठी चाचपत होते, आणि ती म्हणाली, "बाई, ही कुणालाच देता येत नाही, आधी मोडून आणायला पाहिजे." मी विचारलं मग दहाच्या नोटा प्रत्येकाला किती मिळाल्या. तिनं काही न बोलता फळ्यावर जाऊन एकच्या पुढे शून्य काढलं. जरा मोठंच काढलं.

कच्चीपक्कीचं ती परत काही बोललेली नाही, मी पण विषय काढला नाही.

माझी भीती गेली असं म्हणणार नाही. वहीतली टिंबं खरंच दोन जागी जमलीत, एक हातच्याची वजाबाकी जिथे मध्ये शून्यं असतात आणि दुसरे अपूर्णांक. पावणेदोन भाकरीचं मी मनात सव्वातीन काढलं होतं, तीन पानं झाली आणि वर पाव उरली म्हणून. मग रात्री खरंच भाकऱ्या घेऊन बसले. तीन अर्ध्या वाढल्या, हातात चतकोर उरला. आणि तो चतकोर बाजूच्या अर्धीवर ठेवून बघितला तर तो तिच्या बरोबर निम्मा. म्हणजे पान अर्धं झालं, पाव नाही. साडेतीन! नवऱ्याला उठवून दाखवलं, तोही सव्वातीनच म्हणत होता.

आकडेमोड ताई, असंच अजून एक द्या, पण भाकरीचंच द्या. आणि मास्तर, तुमच्याकडे पावकी, निमकी, पाऊणकी, दिडकीचे (पाव, अर्धा, पाऊण, दीडचे) जुने पाढे लिहिलेले असतील तर इथे टाकाल का? फोटो टाकलात तरी चालेल, मी उतरवून घेईन.

निवृत्त_मास्तर

आहेत ताई, वडिलांच्या हातच्या वहीत आहेत. माळ्यावर आहे ट्रंक, उद्या नातवाला चढवतो.